मे-चौकातील गुरुवार

दक्षिण अमेरिकेतील आर्जेन्टिना या देशाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेस नगराच्या मध्यभागी, प्लाझा दे मायो म्हणजे मे-चौक या नावाचे एक विस्तीर्ण पटांगण आहे, आणि त्या राष्ट्राच्या इतिहासातील बहुतेक सारी मोठी स्थित्यंतरे त्या पटांगणाच्या साक्षीने घडलेली आहेत. १५८० साली हुआन दे गाराय या स्पॅनिश सरदाराने हे नगर दुसऱ्यांदा वसविले, तेव्हाच्या आखणीतच या चौकाची जागा मुक्रर झाली होती. २५ मे १८१० रोजी स्पेनच्या बादशाही सुभेदाराचा अंमल झुगारून देण्याचा निर्णय झाला तो चौकाच्या पश्चिम अंगास असलेल्या कबील्दोत, म्हणजे नगरसभेच्या जुन्या वाड्यात. आणि त्या घटनेच्या पहिल्या वर्षदिनी चौकात जो स्तंभ उभारण्यात आला त्यास मे-पिरॅमिड म्हणतात. पुढे १८५६ साली त्याला नवे रूप देऊन त्याच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती बसविण्यात आली. चौकाच्या पूर्वेस राष्ट्राध्यक्षांची कचेरी आहे, जिला तिच्या गुलाबी रंगामुळे कासा रोसादा हे नाव पडले. उत्तरेस महानगराचे कॅथीड्रल आहे, आणि त्यात मुक्तिदाता सान मार्तिन याची समाधी आहे. १९४५ च्या ऑक्टोबरात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पेरोन यांच्या सुटकेची मागणी करीत कामगारांचे लोंढे येथेच येऊन धडकले, आणि १६ जून १९५५ रोजी त्याच पेरोन यांना उलथून टाकण्याच्या खटपटीत स्वदेशाच्याच लष्करी विमानांनी भर दिवसा या चौकावर बाँब टाकून तीनशेहून अधिक माणसे मारली.

असा हा चौक. सेनापतींच्या आणि जनसमुदायांच्या पराक्रमांनी त्याचा इतिहास भरलेला आहे. तरी आज जगाच्या पाठीवर त्याचे नाव ज्यांच्यामुळे घेतले जाते त्यांच्यापाशी ना शस्त्र होते ना पक्ष. त्या होत्या घर सांभाळणाऱ्या, बहुतेक पन्नाशीकडे झुकलेल्या, राजकारणाशी ज्यांचा पूर्वी बहुधा संबंधही आला नव्हता अशा काही बायका, आणि त्यांची मागणी एकच होती: आमचे मूल कोठे आहे ते सांगा. या बायकांनी गुरुवारी चालण्याचा जो शिरस्ता घालून दिला, त्याचा हा वृत्तान्त आहे. आणि तो मराठी वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, ज्या अपराधाविरुद्ध तो शिरस्ता सुरू झाला तो अपराध आर्जेन्टिनापुरता कधीच नव्हता, व आपल्या देशाच्या कायद्यात त्याला आजही नाव नाही.

२४ मार्च १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरोन यांना दूर करून भूदलाचे होर्खे राफाएल विदेला, नौदलाचे एमिलिओ मासेरा आणि हवाई दलाचे ओर्लान्दो आगोस्ती या तिघा सेनाधिपतींनी राज्यसूत्रे हाती घेतली. सशस्त्र बंडखोरांचा बीमोड हे त्यांचे जाहीर प्रयोजन होते. परंतु ज्यांना उचलून नेण्यात आले त्यांत कारखान्यातील कामगार-पुढारी, विद्यार्थी, शिक्षक, वकील, पत्रकार, वस्त्यांतून सेवा करणारे धर्मोपदेशक, आणि केवळ कोणाच्या तरी पत्त्याच्या वहीत नाव सापडले एवढ्याच अपराधाचे धनी असे असंख्य लोक होते. त्या सेनापतींपुढे शेजारच्या चिली देशाचे उदाहरण ताजे होते. तेथे १९७३ साली हजारो कैद्यांना क्रीडांगणात उघडपणे डांबण्यात आल्याने जगभर निषेधाचा गदारोळ उठला होता. आर्जेन्टिनाच्या सेनापतींनी निराळा मार्ग पत्करला. कैदी दिसलाच नाही, त्याच्या अटकेचा कागदच झाला नाही, तर निषेध कशाचा करावयाचा?

ही युक्ती सर्वस्वी नवी नव्हती. ७ डिसेंबर १९४१ रोजी हिटलरच्या आज्ञेवरून फील्ड मार्शल कायटेल याने जे फर्मान काढले, व जे पुढे रात्र आणि धुके या नावाने कुप्रसिद्ध झाले, त्यात व्याप्त प्रदेशांतील विरोधकांना गुपचूप जर्मनीत न्यावे व त्यांच्या आप्तांना त्यांचा ठावठिकाणा मुळीच कळू देऊ नये, असा हुकूम होता. आणि आप्तांची ही अनिश्चितताच खरी जरब बसविणारी आहे, असा त्यामागील हिशेब कायटेलने लेखी नमूद करून ठेवला होता. न्यूरेंबर्गच्या न्यायपीठाने त्याला फाशी दिले तेव्हा हे फर्मान त्याच्यावरील आरोपांत होते. तेच तंत्र तीस-पस्तीस वर्षांनी लॅटिन अमेरिकेत राज्यकारभाराची एक रीत होऊन बसावे, यावरून दंडित झालेली दुष्टताही किती सुखाने वारसा ठेवून जाते हे दिसते.

ती रीत कशी चालत असे हे थोड्या विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तिच्या बारकाव्यांतच तिचे क्रौर्य आहे. रात्री-अपरात्री क्रमांकपट्टी नसलेल्या मोटारी दाराशी येत. साध्या वेषातील हत्यारबंद माणसे घरात घुसत. ज्याला न्यावयाचे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला नेत, आणि जाता जाता घरातील चीजवस्तूही लुटून नेत. त्या भागातील पोलिसठाण्यास आधीच सूचना गेलेली असे, त्यामुळे शेजाऱ्यांनी कितीही बोलावले तरी शिपाई फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी आईबाप ठाण्यावर जात, तर तेथे नोंद नसे. छावणीवर जात, तर पहारेकरी त्यांना गृहखात्याकडे धाडी. गृहखात्यात अर्ज घेतला जाई, त्यावर शिक्का बसे, आणि काही आठवड्यांनी उत्तर येई की या नावाची व्यक्ती सरकारच्या ताब्यात नाही. मग वकील गाठून न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करावा, तर न्यायाधीश पोलिसांना व लष्कराला विचारणा करीत, त्यांच्याकडून नकार येई, आणि त्या नकारावर विसंबून अर्ज निकालात निघे. असे हजारो अर्ज फेटाळले गेले. ज्याने माणूस पळविला त्याचाच जबाब शेवटचा पुरावा मानण्याची ही न्यायपद्धती होती. आणि त्याच वेळी त्याच राजधानीत, नौदलाच्या यंत्रविद्या-शाळेच्या अधिकारी-निवासात, ते मूल जिवंत असे, साखळदंडांत असे, आणि त्याला नावाऐवजी एक क्रमांक मिळालेला असे. आत काटेकोर हिशेब चाललेला होता. दप्तर नव्हते ते केवळ बाहेर येणाऱ्या आईसाठी.

कचेऱ्यांच्या या फेऱ्यांतच त्या बायका एकमेकींना भेटल्या. नौदलाच्या प्रार्थनामंदिरात एक धर्माधिकारी बेपत्ता माणसांच्या नावांची टाचणे ठेवतो व कधीमधी एखादी बातमी सांगतो, असे समजल्यामुळे त्याच्या दाराशी रांग लागत असे. त्या रांगेत असुसेना विल्याफ्लोर ही बाई होती. १९२४ साली आवेल्यानेदा या कामगारांच्या उपनगरात जन्मलेली, घरगुती उपकरणांच्या एका कारखान्यात टेलिफोनवर काम केलेली, चार मुलांची आई. ३० नोव्हेंबर १९७६ रोजी तिचा मुलगा नेस्तोर व त्याची वाग्दत्त वधू यांना उचलून नेण्यात आले होते. एकेकटीने दारे ठोठावण्यात अर्थ नाही, आपण साऱ्या जणी मिळून चौकात जाऊ आणि विदेलांना भेटण्याची मागणी करू, असे तिनेच सुचविले. आणि ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी मे-चौकात जमल्या. तो शनिवार असल्यामुळे कचेऱ्या बंद होत्या व चौक ओस होता. म्हणून पुढे शुक्रवार ठरला, तो एकीला अपशकुनी वाटला, आणि शेवटी गुरुवारी दुपारी साडेतीनची वेळ कायम झाली.

देशात १९७४ पासूनच आणीबाणीचा अंमल होता, व जमावाने एकत्र येण्यास मनाई होती. पोलीस आले व त्यांनी नेहमीच्या शब्दांत दटावले, की उभे राहू नका, चालू लागा. त्यावर त्या बायकांनी खरोखरच तसे केले. दोघीदोघी हातात हात घालून त्या मे-पिरॅमिडभोवती फिरू लागल्या, आणि चालण्यास मनाई करणारा हुकूम कोणापाशीच नव्हता. ज्या स्तंभाच्या शिरावर स्वातंत्र्यदेवता उभी आहे त्याच्या पायथ्याशी हे घडले, हा योगायोग असेल. पण त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची त्या काळात जी काही लाज राखली गेली ती त्या मूर्तीच्या पायांशी राखली गेली, असे म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लुहान येथील मातृदेवतेच्या यात्रेस लाखो भाविक पायी निघाले होते. त्या गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून प्रत्येकीने डोक्यावर शुभ्र कापड बांधावे असे ठरले, आणि घरात जपून ठेवलेले मुलाचे कापडी लंगोट त्या कामी आले. पुढे त्याच रुमालांवर मुलांची नावे व ती नाहीशी झाल्याच्या तारखा भरतकामाने लिहिल्या गेल्या. सरकारी दप्तराने जी नोंद नाकारली ती अशा रीतीने आईच्या मस्तकावर चढली, आणि दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या खिडकीसमोरून ती नोंद फिरू लागली.

या सौम्य दिसणाऱ्या कृतीची राज्यकर्त्यांना किती धास्ती होती हे त्यांनी लवकरच दाखविले. बेपत्ता भावाचा शोध घेणारा म्हणून गुस्ताव्हो निन्यो असे नाव सांगणारा एक गोरागोमटा तरुण मातांच्या बैठकींना येऊ लागला होता. बायकांना त्याची माया वाटे. पोलिसांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्या त्याला सांभाळीत. तो नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस होता. बेपत्तांच्या नावांची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावयाची म्हणून पैसे गोळा करण्यासाठी ८ डिसेंबर १९७७ रोजी सांता क्रूस या मंदिरात मंडळी जमली असता, त्याने दाखवून दिलेल्या माणसांना पकडून नेण्यात आले. १० डिसेंबरला जाहिरात प्रसिद्ध झाली, आणि त्याच सकाळी असुसेना विल्याफ्लोर हिला तिच्या घराजवळच्या रस्त्यावरून नेले. तिच्यासह बारा जण नाहीसे झाले, त्यांत आलिस दोमों व लेओनी द्युके या फ्रेंच जोगिणी होत्या, मारी पोन्से होती, आणि एस्तेर बालेस्त्रिनो होती. या एस्तेरबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती पॅराग्वेतून आलेली, रसायनशास्त्रज्ञ. पुढे पोप फ्रान्सिस म्हणून विख्यात झालेला होर्खे बेर्गोग्लिओ तरुणपणी एका प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली काम शिकला होता. तिची पळविली गेलेली कन्या जिवंत सुटून घरी आली होती, म्हणजे तिची स्वतःची फिर्याद मिटली होती. तरीही इतरांची मुले परत येईपर्यंत मी चौकातच येणार, असे म्हणून ती परत आली, आणि त्यापायी गेली.

त्या डिसेंबरच्या अखेरीस सांता तेरेसिता या गावाच्या किनाऱ्यावर समुद्राने काही प्रेते टाकली. तेथील वैद्यांनी तपासणी करून, फार उंचीवरून कठीण पृष्ठभागावर आदळल्याने मृत्यू आला, असे कागदावर नमूद केले. आणि अनोळखी म्हणून ती प्रेते जनराल लावाये गावच्या दफनभूमीत पुरण्यात आली. कैद्यांना गुंगीचे औषध टोचून विमानातून जिवंतपणी समुद्रात लोटले जात असे, हे आदोल्फो सिलिंगो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९९५ साली स्वमुखाने सांगितले तेव्हा राष्ट्र हादरले. पण ते सत्य एका खेड्यातील साध्या वैद्यकीय कागदावर अठरा वर्षे लिहिलेले होते. पुढे त्या कबरी उकरून हाडांची तपासणी झाली व २००५ साली असुसेना, एस्तेर, मारी पोन्से आणि लेओनी द्युके यांची ओळख पटली. असुसेनाची रक्षा त्याच वर्षी ८ डिसेंबरला मे-चौकात, त्या स्तंभाच्या पायथ्याशी, मातीत ठेवण्यात आली.

पहिल्या पुढारी नाहीशा झाल्यावर चळवळ संपेल, ही सेनापतींची अटकळ चुकली. दुसऱ्या बायका पुढे आल्या. हेबे दे बोनाफिनी, जिचे दोन मुलगे व सून गेले. नोरा कोर्तिन्यास, जिचा मुलगा १५ एप्रिल १९७७ रोजी गेला आणि जी २०२४ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी मरेपर्यंत त्याला शोधीत राहिली. १९७८ च्या जागतिक फुटबॉल सामन्यांसाठी आलेल्या परदेशी बातमीदारांपैकी काहींनी खेळ सोडून चौकाकडे कॅमेरे वळविले. देशातील बहुतेक वृत्तपत्रे गप्प असता ब्वेनोस आयरेस हेरल्ड या छोट्या इंग्रजी दैनिकाने संपादक रॉबर्ट कॉक्स यांच्या हिमतीवर बेपत्तांची नावे छापली, आणि अखेर धमक्यांमुळे कॉक्स यांना १९७९ मध्ये कुटुंबासह देश सोडावा लागला. त्याच साली अमेरिकी राष्ट्रांचा मानवी हक्क आयोग चौकशीस आला तेव्हा त्याच्या कचेरीपुढे फिर्याद गुदरण्यास आलेल्या कुटुंबांची रांग रस्त्याच्या कडेने पसरली होती.

त्या सुमारास सेनापतींनी जी चाल खेळली तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण बेपत्तांच्या कुटुंबांवरील संकटाचे मर्म तीत आहे. १९७९ च्या सप्टेंबरात एक कायदा करून त्यांनी असे ठरविले की, १९७४ नंतर नाहीशा झालेल्या माणसाला न्यायालयाकडून मृत म्हणून जाहीर करून घेता येईल. आणि तसा अर्ज करण्याचा अधिकार आप्तांप्रमाणेच सरकारलाही राहील. वरवर पाहता ही मदतच होती. ज्या घरचा कर्ता माणूस नाहीसा होतो तेथे त्याची पत्नी सधवाही नसते व विधवाही नसते. बँकेतील पैसे अडकतात, घर विकता येत नाही, निवृत्तिवेतन मिळत नाही, मुलांच्या दाखल्यावर बापाची सही लागते ती आणावयाची कोठून? या साऱ्या अडचणी त्या कायद्याने सुटत होत्या. अट एकच होती: आईने स्वतःच्या हाताने मुलाच्या मृत्यूवर शिक्कामोर्तब करावयाचे, आणि तो कोणी, कोठे, कोणत्या हुकमाने मारला हे विचारावयाचे नाही. मातांनी तो कायदा ठोकरला. पुढे काहींवर हट्टाचा व वेडेपणाचा आरोपही झाला. परंतु ज्या दप्तराने नेण्याची नोंद केली नाही, त्याने मरणाची नोंद मात्र आईच्या सहीने करावी, या मागणीतील निर्लज्जपणा ज्याच्या ध्यानात येईल त्याला त्या नकारात हट्ट दिसणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पत्रकारांपुढे विदेलांनी सांगून टाकले की, बेपत्ता मनुष्य ना जिवंत असतो ना मृत, त्याला अस्तित्वच नसते.

या भयकथेत आणखी एक उपकथा आहे. पकडलेल्या स्त्रियांपैकी काही गरोदर होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवीत, मग मारीत, आणि मूल खोट्या जन्मदाखल्याने लष्करी अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या परिचितांच्या घरी देत. अशी सुमारे पाचशे मुले असावीत, असे त्यांच्या आज्यांचे अनुमान आहे. या आज्यांनी १९७७ च्या ऑक्टोबरात आपली निराळी संस्था काढली. शाळांच्या दाराशी, बालोद्यानांत, संशयित घरांच्या समोर त्या फिरत राहिल्या. परंतु मूल दिसले तरी ते आपलेच हे सिद्ध कसे करावे? त्याचे आईबाप नव्हते, आणि रक्ताची तपासणी तर आईबापांच्या रक्ताशी ताडून होत असे. तेव्हा त्या आज्या परदेशी विद्वानांकडे गेल्या व त्यांना त्यांनी विचारले की, आजीच्या रक्तावरून नातू ओळखता येईल काय? हा प्रश्न विज्ञानापुढे तोपर्यंत कोणी ठेवलाच नव्हता. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञ स्त्रीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचे गणित बसविले, आणि त्याच वर्षी त्या पद्धतीने पहिली बालिका आपल्या आजीकडे परत आली. पुढे मातेकडून वंशपरंपरेने येणाऱ्या जनुकद्रव्याचा उपयोग सुरू झाला, व १९८७ साली कायद्याने राष्ट्रीय जनुक-संग्रह स्थापन झाला, जेथे आज्यांचे रक्त त्यांच्या मरणानंतरही साक्ष देण्यासाठी ठेवलेले आहे. आजवर एकशे तीसहून अधिक नातवंडे सापडली आहेत. या संस्थेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो यांना त्यांचा स्वतःचा नातू २०१४ साली, तो छत्तीस वर्षांचा झाल्यावर, भेटला.

त्याच १९८४ साली क्लाइड स्नो हे अस्थितज्ज्ञ अमेरिकेहून आले आणि त्यांनी वैद्यक व मानववंशशास्त्राच्या मूठभर विद्यार्थ्यांना हाती धरून अनोळखी कबरी शास्त्रोक्त रीतीने उकरण्याचा परिपाठ घालून दिला. ते विद्यार्थी पुढे जगातील अनेक देशांत हेच काम करण्यास गेले. असुसेनाला ओळखले ते त्यांनीच.

राजकीय कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. फॉकलंड बेटांच्या युद्धातील पराभवानंतर सेनापतींचे आसन डळमळले. १० डिसेंबर १९८३ रोजी राउल आल्फोन्सिन लोकनियुक्त अध्यक्ष झाले. कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सप्टेंबर १९८४ मध्ये जवळजवळ नऊ हजार बेपत्तांची व ३४० गुप्त कोठड्यांची यादी सादर केली. मानवी हक्कांच्या संघटना मात्र बेपत्तांचा आकडा ३०,००० धरतात. १९८५ च्या डिसेंबरात नागरी न्यायालयाने विदेला व मासेरा यांना जन्मठेप दिली. पुढे लष्कराच्या दडपणाखाली खटले थांबविणारे कायदे झाले, मग माफ्या झाल्या, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरविल्यावर खटले पुन्हा उभे राहिले. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली. विदेला १७ मे २०१३ रोजी तुरुंगात मेले. या सर्व चढउतारांत गुरुवारचा शिरस्ता टिकून राहिला.

या लढ्यातील एक लहानसे यश मला फार मोलाचे वाटते. १९९४ साली आर्जेन्टिनाने कायद्यात एक नवी अवस्था निर्माण केली: सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित. या दाखल्यावर कुटुंबाला वारसाहक्क, मालमत्ता, विवाह या बाबतींतील सारी कामे करता येतात, आणि त्यासाठी आपल्या माणसाला मृत म्हणावे लागत नाही. उलट त्याला राज्याने नेले ही गोष्ट त्या कागदावरच कबूल केलेली असते. पंधरा वर्षांपूर्वी आयांनी नाकारलेल्या कायद्याचे हे यथोचित उत्तर होते.

आता आपल्या देशाकडे वळू. ज्या एप्रिल महिन्यात चौदा आया ब्वेनोस आयरेसच्या चौकात जमल्या, त्याच १९७७ च्या एप्रिलात, १३ तारखेला, केरळच्या उच्च न्यायालयाने राजन प्रकरणाचा निकाल दिला. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील या विद्यार्थ्याला आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, पोलिसांनी उचलले होते. त्याचे वडील ईच्चर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक, ते वर्षभर मंत्र्यांपासून शिपायांपर्यंत सर्वांच्या दाराशी गेले, आणि सर्वत्र त्यांना तेच उत्तर मिळाले जे आर्जेन्टिनातील आयांना मिळत होते. मध्यंतरी २८ एप्रिल १९७६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला होता की, आणीबाणी असेतोवर बंदी-प्रत्यक्षीकरणाची दाद नागरिकाला मागता येणार नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती खन्ना. बहुमतात पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूडही होते, आणि तो निर्णय चुकीचा होता हे २०१७ साली त्याच न्यायालयात लिहिले ते त्यांच्याच पुत्राने. आणीबाणी उठताच वारियरांनी अर्ज केला, न्यायालयाने पोलिसांचा नकार खोटा ठरविला, आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले. राजनचा देह मात्र कधीच सापडला नाही. वारियर २००६ मध्ये वारले.

पंजाबात जसवंतसिंग खालरा या बँकेतील नोकराने अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांच्या वह्या तपासल्या. बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांसाठी किती लाकूड दिले गेले याचा हिशेब त्यांत होता, आणि त्या हिशेबातून बेपत्ता तरुण एकामागून एक बाहेर आले. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालरा यांनाच घरासमोरून उचलून नेण्यात आले व मारण्यात आले. पुढे त्या खुनाबद्दल पोलिसांना शिक्षा झाल्या, आणि केंद्रीय तपास खात्याने तीन स्मशानांतील २,०९७ बेकायदा दहनांची मोजदाद केली. सांता तेरेसिताच्या वैद्याचा कागद आणि अमृतसरच्या लाकडांची वही या दोहोंत मला एकच गोष्ट दिसते: वरिष्ठांनी दप्तर कितीही मुके केले, तरी कोठेतरी एखादा कनिष्ठ माणूस आपले नेमून दिलेले काम इमानाने लिहून ठेवतो, आणि खुनी तेथेच अडकतो. काश्मीरमध्ये, मणिपुरात, आणि आपल्या शेजारी श्रीलंकेत आजही फोटो उराशी धरून बसणाऱ्या आया आहेत. श्रीनगरच्या उद्यानात बेपत्तांच्या आईबापांनी महिन्याकाठी बसण्याचा जो प्रघात पाडला होता, तो मे-चौकाच्या गुरुवारचाच सोयरा होता.

अशा कुटुंबांना मदत करू इच्छिणाऱ्याने प्रथम एवढे करावे, की मृत्यूचा स्वीकार करण्याची घाई त्यांच्यावर लादू नये. आपल्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही तो मृत समजता येतो. पण त्या सात वर्षांत भाडे, फी, औषधे कोणी द्यावयाची, आणि सात वर्षांनंतरही जिला तसा अर्ज करावयाचा नसेल तिने काय करावे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. वकिलाने अर्जाची पोच जपून ठेवण्यास शिकवावे, शिक्षकाने मुलाच्या दाखल्यासाठी अडवू नये, पत्रकाराने नाव व तारीख छापावी, आणि तलाठ्याने, वैद्याने, स्मशानाच्या कारकुनाने आपली वही खरी ठेवावी. ही कामे किरकोळ दिसतात. जिथे जिथे सत्य बाहेर आले आहे तिथे ते या कामांमुळेच आले आहे.

२० डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला. युद्ध, आणीबाणी वा अन्य कोणतेही कारण या कृत्यास समर्थन म्हणून सांगता येणार नाही, आणि बेपत्ता माणसाचे आप्त हेही या अपराधाचे बळी असून सत्य जाणण्याचा त्यांना हक्क आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तो हक्क त्या कलमांत आला त्यामागे चौकांतून चालणाऱ्या आयांची तीस वर्षे होती. भारताने त्या करारावर ६ फेब्रुवारी २००७ रोजी सही केली. परंतु त्या सहीला अनुमोदन देऊन करार आपल्यावर बंधनकारक करून घेण्याची पायरी आपण अद्याप चढलेलो नाही, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या न्यायसंहितेतही या गुन्ह्याचे स्वतंत्र कलम नाही. ३० ऑगस्ट हा दिवस जगभर बेपत्तांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वाचकांनी आपल्या मतदारसंघातील खासदारास एक पत्र लिहून, ही सही कधी पुरी करणार, एवढे विचारावे.